खर्रा सुटला, ज्येष्ठमध लागला

पत्र चार पानी आहे, थोडक्यात देते. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून ताई लिहितात: मालक ५६ वर्षांचे, चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. पाच-सहा वर्षांपासून छातीत जळजळ, करपट ढेकर, जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखं. बीपीची ॲम्लोडिपिनची गोळी चार वर्षांपासून सुरू आहे. गुडघे धरले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात, कामाच्या दिवसांत रोज एक, कधी दोन. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, दिवसाला सहा-सात पुड्या. दिवाळीनंतर सासूबाईंनी ज्येष्ठमध सुचवला. सकाळ-संध्याकाळ जेवणाचा एक चमचा चूर्ण दुधातून, शिवाय खर्र्याची तलफ आली की खिशातली काडी चघळायची. पाव किलो माल पंधरा दिवसांत संपतो. दोन महिन्यांत पोट शांत झालं, खर्रा जवळजवळ सुटला. पण आता डोकं जड राहतं, पायांवर सूज आहे, कापसाचं गाठोडं उचलताना मांड्या लटपटतात. उपकेंद्रातल्या सिस्टरनं बीपी मोजलं तर १६८/१०४.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "यायच्या पोटातली आग विझली, पण पाय वांग्यावाणी फुगले. दीर म्हणते आयुर्वेदिक आहे, त्यानं काही होत नसते, उलट बीपीची गोळीच बंद करा. माह्या सासूले जन्मभर ज्येष्ठमध चघळून काही झालं नाही, मंग यायलेच काहून?" शिवाय धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गुंजेचं मूळ चालेल का आणि पोटाच्या त्रासासाठी मी स्वतः ज्येष्ठमध घेऊ का, असंही त्या विचारतात.

ताई,

पत्र वाचून होताच डबा उचला आणि मालकांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. ज्येष्ठमध आजपासून बंद. चूर्ण बंद आणि खिशातली काडीही बंद. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. दिरांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, आयुर्वेद शिकलेल्या बाईनंच असं लिहिलं आहे.

आता का, ते सांगते. तुमच्या सासूबाईंनी वेडंवाकडं काही सुचवलेलं नाही. ज्येष्ठमध म्हणजे यष्टिमधु. चरकसंहितेत आयुष्य टिकवणाऱ्या, 'जीवनीय' अशा दहा द्रव्यांत तो आहे आणि गळ्याला हितकर द्रव्यांतही आहे. गोड, थंड, स्निग्ध, पित्त शमवणारा. तुमच्या घरात नेमकं तेच दिसलं.

पोटात तो काय करतो? तुम्ही अंगण सारवता. सारवण पातळ झालं की खालची माती उकरते, पावसाचा एक थेंब पडला तरी खड्डा पडतो. जठराच्या आतल्या बाजूलाही असंच एक बुळबुळीत सारवण असतं. आपल्याच पोटातलं आम्ल आपलंच पोट जाळत नाही, ते त्या थरामुळे. हा थर सतत नवा होत राहावा म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. ज्येष्ठमध ही द्रव्यं लवकर मोडू देत नाही, त्यामुळे थर जाड राहतो. आणि मालकांची दुखण्याची गोळी काय करते? तीच द्रव्यं तयार होऊ देत नाही. गुडघ्याचं दुखणं त्यानं थांबतं, पण पोटाचं सारवणही निघून जातं. म्हणजे पाच-सहा वर्षं एका हातानं अंगण उकरणं चालू होतं आणि दोन महिन्यांपासून दुसऱ्या हातानं सारवणं. पोट शांत झालं यात नवल नाही. उकरणं मात्र थांबलेलंच नाही.

हा गुण आपल्यापुरताच माहीत होता असंही नाही. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाचे एक डॉक्टर होते. गावातला एक औषधविक्रेता पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा लगदा देतो आणि लोकांना बरं वाटतं, हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला आणि १९४६ मध्ये त्यावर लिहिलं. रुग्णांना आराम पडला, पण पाचातल्या साधारण एकाच्या तोंडावर आणि हातापायांवर सूज आली. कुणाचं डोकं दुखू लागलं, कुणाला धाप लागली. ताई, ऐंशी वर्षांपूर्वीचं ते वर्णन तुमच्या पत्राशेजारी ठेवलं तर एकाच घरची गोष्ट वाटेल. पुढे इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातल्याच द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन नावाची अल्सरची गोळी बनवली गेली. ती गुणकारी होती आणि तिनंही सूज अन् बीपी वाढायचं. नंतर जास्त चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली.

सूज येते कशी, हे जरा सावकाश वाचा. ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या द्रव्यामुळे आहे त्याला ग्लिसिरायझिन म्हणतात. साखरेच्या पन्नासेक पट गोड. आपल्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक नेहमीच असतं. मूत्रपिंडाला "मीठ सोडू नको, धरून ठेव" असा हुकूम द्यायची ताकद त्यातही आहे. ते मोकाट सुटू नये म्हणून मूत्रपिंडात एक एन्झाइम जागलीवर बसलेलं असतं आणि तिथे येणाऱ्या कॉर्टिसॉलला निकामी करत राहतं. ज्येष्ठमध त्या जागल्याला झोपवतो. मग रानडुकरं शिरावीत तसं सगळं होतं: मीठ साठतं, मिठामागे पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पोटॅशियम कमी झालं की स्नायूंतली ताकद जाते. गाठोडं उचलताना मांड्या लटपटतात ना, त्या म्हातारपणानं लटपटत नसाव्यात. हृदय हाही स्नायूच आहे, त्याचीही लय बिघडू शकते. मला घाई आहे ती त्यामुळे.

किती घेतला गेला त्याचा हिशोब करू. पाव किलो पंधरा दिवसांत, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे. मालक त्याच्या चौपट ते आठपट घेत होते. युरोपात नेहमीच्या खाण्यातलं ग्लिसिरायझिन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. ज्येष्ठमधाच्या मुळीत ते शेकडा तीन ते पाच धरलं, तर मालकांचं ५०० च्या पुढे जातं. काडीचा चोथा थुंकला तो वजा करा, तरी बक्कळच.

तुमचे दीर म्हणतात, आयुर्वेदिकानं काही होत नसते. मीही तरुणपणी असंच मानत असे. दवाखाना टाकून दोनेक वर्षं झाली असतील. एका आजीला कोरडा खोकला आणि जळजळ, दोन्हींसाठी मी ज्येष्ठमध असलेलं चूर्ण दिलं. हृदयाच्या त्रासासाठी त्या 'पाण्याची गोळी' घेत होत्या. लघवी जास्त होऊन सूज उतरावी म्हणून देतात ती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाण्याच्या गोळीनं पोटॅशियम आधीच निघून जात होतं, त्यात माझ्या चूर्णानं भर घातली. तीन आठवड्यांनी मुलानं त्यांना ऑटोतून उचलून आणलं. उकिडव्या बसल्या तर उठता येईना. रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम २.४ निघालं, असायला हवं साडेतीनच्या वर. भरती करून त्या बऱ्या झाल्या. चूक माझी होती. तेव्हापासून कुणाचीही नाडी बघण्याआधी मी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगते.

आता थोडं सबुरीनं. पायांची सूज एकट्या ज्येष्ठमधाचीच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. ॲम्लोडिपिननंही घोट्याशी सूज येते. दुखण्याच्या गोळ्यांनीही पाणी साठतं आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो. पण ॲम्लोडिपिन चार वर्षं चालू होती तेव्हा पाय बरे होते, शिवाय तिनं बीपी उतरतं, चढत नाही. सूज, चढलेलं बीपी आणि मांड्यांचा अशक्तपणा ही तिन्ही दोन महिन्यांत एकदम आली, म्हणून माझं बोट ज्येष्ठमधाकडे आहे. शंका फेडायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांगा की रोज सोळा ग्रॅम ज्येष्ठमध दोन महिने घेतला आहे. लाजू नका, आकडा सांगा. ईसीजी काढायला आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायला सांगा. दारव्ह्यात झालं नाही तर यवतमाळला होतं. पोटॅशियम भरून काढायला घरच्या घरी केळी-शहाळ्यांचा मारा मात्र करू नका, आधी मूत्रपिंड कसं आहे ते कळू द्या. ज्येष्ठमध थांबवल्यावर सूज आणि बीपी उतरायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर पापड, लोणचं, वरून घेतलेलं मीठ बंद. छातीत धडधड झाली, चक्कर आली किंवा हातपाय उचलेनासे झाले तर दोन दिवसही थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

तुमच्या सासूबाईंचं. पत्रात तुम्हीच लिहिलं आहे की त्या एकादशीला भजनाला बसताना बोटभर काडी गालात धरतात. महिन्याच्या दोन एकादशा, दोन काड्या. कुठे त्या दोन काड्या आणि कुठे अर्धा किलो! त्या गळ्यासाठी घेतात, तेवढ्यापुरतं घेतात आणि सोडतात. त्यांना बीपीची गोळीही नाही. म्हातारीनं औषध बरोबर सांगितलं, माप सांगायचं राहिलं.

मला खरी काळजी खर्र्याची आहे. सात पुड्यांवरून माणूस जवळजवळ शून्यावर आला, ही दोन महिन्यांतली सगळ्यात मोठी कमाई. मी काडी काढून घेतली आणि उद्या पानठेल्यावर पुन्हा "एक घोटून दे रे" सुरू झालं, तर या पत्रानं तुमचं नुकसानच केलं म्हणायचं. पोटाचा त्रास खर्र्यानंही वाढत होता. तंबाखूनं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते आणि आम्ल वर चढतं. तोंडाच्या कॅन्सरचं तर मी काय सांगू, आपल्या भागात प्रत्येकाला एक तरी घर माहीत असतं. म्हणून खिसा रिकामा ठेवू नका. भाजलेली बडीशेप, धनाडाळ, थोडा ओवा एका डबीत द्या. हाताला डबी उघडायची आणि तोंडाला चघळायची सवय आहे, तिला काहीतरी हवंच. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होईल, ती ऐकून घ्या. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन कुठे मिळतं तेही त्याच फेरीत विचारा.

पोटाचं मूळ दुखणं अजून तसंच आहे. छप्पन्न वर्षांचा माणूस, पाच-सहा वर्षांची जळजळ, वर दुखण्याच्या गोळ्या. एकदा दुर्बीण टाकून पाहायलाच हवी. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्राम, दोन्हीकडे सोय आहे. अल्सर असला तर बऱ्याचदा त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं. त्याला ज्येष्ठमधानं हुसकावता येत नाही, प्रतिजैविकांचा पुरा कोर्स लागतो. शौच डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा रंग दिसला, घास अडकू लागला, वजन उतरू लागलं तर कोणत्याही चूर्णाची वाट पाहू नका. आणि एक सांगते, बीपीच्या माणसाला छातीत जळजळीबरोबर दरदरून घाम आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पाजत बसू नका. गॅस समजून थांबलेले किती जण मी पाहिले, मोजायची इच्छा होत नाही.

दुखण्याची गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा आणू नका. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते त्यांनाच विचारा, रात्री शेक-तेल तुम्ही करताच. पॅन्टोप्राझोल दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. जेवण झाल्यावर घेतली की तिचा जोर कमी पडतो. पहाटे उपाशीपोटी काळा चहा, मग दुपारी दोनला शिदोरी, रात्री ठेचा-भाकर खाऊन लगेच बाजेवर आडवं, हे वेळापत्रक मला तुम्ही न लिहिताच दिसतं. चहाबरोबर निदान अर्धी भाकर पोटात जाऊ द्या आणि रात्री जेवल्यावर दोन तास तरी बसून काढायला लावा. ठेचा सोडा म्हणणार नाही. वऱ्हाडात राहून तसा सल्ला देणारा वैद्य कोण ऐकतं?

गुंजेचं लवकर उरकते. धुऱ्यावरच्या गुंजेचा पाला गोड लागतो, पानवाले विड्यात घालतात, मूळही गोडसर असतं. म्हणूनच ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळाची भेसळ होते. पण ते ज्येष्ठमध नव्हे आणि लाल-काळ्या बिया तर जहाल विषारी. घरात नातवंडं आहेत असं लिहिता, मग ती वेल उकरत बसू नका. खरा ज्येष्ठमध आपल्या काळ्या मातीत उगवत नाही, तो बहुतेक इराण, अफगाणिस्तानाकडून येतो. घ्यायचा तर चूर्णाऐवजी काडी घ्या. वरून तपकिरी सुरकुतलेली साल, मोडली की आत पिवळी आणि धाग्याधाग्यांची, चावल्यावर आधी गोड आणि मागाहून किंचित कडवट. आत करडी पडलेली, बुरशीचा वास येणारी काडी पैसे परत मागून फिरवा. काळ्या कांड्यांचं सत्त्व मिळतं, ते मुळापेक्षा कितीतरी तीव्र असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता तुम्ही. आधी सिस्टरकडून स्वतःचं बीपी मोजून घ्या. बाकीच्यांचं मोजताना आपलं राहतं, तुमच्या पत्रात सगळ्यांचे आकडे आहेत, तुमचा नाही. बीपी ठीक असलं, कुठली गोळी चालू नसली, पायांवर सूज नसली, तर ज्येष्ठमध तुम्हाला चालेल. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, कोमट पाण्यातून जेवणाआधी अर्धा तास, दिवसातून दोनदा. तीन आठवडे, मग बंद. जर्मनीतल्या वनौषधींच्या सरकारी समितीनंही चार ते सहा आठवड्यांच्या पुढे वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका असंच सांगितलं होतं. भारतात अपचनाच्या ५० रुग्णांवर ज्येष्ठमधाच्या अर्काचा ३० दिवसांचा एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, त्यात फरक दिसला. अभ्यास लहान आहे, पण माझ्या दवाखान्यातला अनुभव त्याच्याशी जुळतो. सुनेला दिवस गेले आहेत असं ओझरतं लिहिलंत, तिला मात्र देऊ नका. फिनलंडमध्ये गरोदरपणी ज्येष्ठमधाची मिठाई भरपूर खाणाऱ्या बायकांच्या मुलांवर त्याचा वाईट परिणाम दिसला आहे.

पोट साफ होत नाही म्हणून तुम्ही रोज रात्री स्वादिष्ट विरेचन घेता. त्यात ज्येष्ठमध असतो खरा, पण पोट हलवते ती त्यातली सोनामुखी. रोजची सवय लागली की आतडं आळशी होतं. आणि ताई, एक विचारू? वेचणीला गेल्यावर दिवसभरात किती तांबे पाणी पिता? आडोसा नसतो म्हणून बायका शेतात पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, सगळ्यांचं खाणं झाल्यावर तीन वाजता आपली भाकर सोडतात. त्याचं औषध माझ्याकडे पुडीत नाही. सोबतच्या दोघीतिघींना घेऊन बांधाच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा आडोसा करा आणि पाण्याचा डबा डोईवरून उतरल्या उतरल्या एक तांब्या पिऊन मगच ओटी बांधा.

डब्यात उरलेला ज्येष्ठमध फेकू नका, सासूबाईंच्या एकादशीला होईल. मालकांचं बीपी पंधरा दिवस एक दिवसाआड मोजून कागदावर लिहा, पोटॅशियमचा आकडा त्याच्याच खाली. तो कागद मला पाठवा. खर्र्याच्या पुड्या किती झाल्या तेही लिहा, आणि खरं लिहा.